आवडता परफ्यूम मिळेनासा झाल्यावर त्याच्या जवळचा सुगंध कसा शोधावा

वर्षानुवर्षे वापरलेला एखादा परफ्यूम बाजारातून नाहीसा होतो, किंवा त्याच नावाची नवी बाटली उघडल्यावर आतला वास अनोळखी वाटतो, तेव्हा बहुतेक जण दुकानात जाऊन 'याच्यासारखे दुसरे काही दाखवा' असे म्हणतात आणि दुकानदार दाखवील त्यातले पहिल्या फवाऱ्यात बरे वाटलेले घेऊन येतात. अशी बाटली सहसा चार दिवसांत कपाटाच्या मागच्या फळीवर जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात ही अडचण आणखी वाढते, कारण इथल्या कित्येक घरांत आवडता 'सेंट' जवळच्या दुकानातून आलेलाच नसतो; तो आखातात नोकरीला असलेल्या भावाने, मुंबईच्या मामांनी किंवा गोव्याला जाऊन आलेल्या शेजाऱ्यांनी आणलेला असतो, त्याचे खोके केव्हाच रद्दीत गेलेले असते आणि बाटलीवरचे नाव हाताळून पुसट झालेले असते. तरीही शोध पद्धतशीर घेतला, तर समाधान होईल असा सुगंध बहुधा सापडतो. हुबेहूब तोच वास मिळेल अशी अपेक्षा मात्र धरू नये. आपल्याला त्या सुगंधातला कोणता भाग खरोखर प्रिय होता हे ओळखून तेवढा भाग शोधावा, आणि माझ्या मते हा भाग बहुतेकांच्या बाबतीत फवारल्याबरोबर येणारा पहिला वास नसून तीन-चार तासांनी अंगावर आणि कपड्यांत उरणारा वास असतो.

बिघाड नेमका कुठे आहे

जुना परफ्यूम खरोखरच गेला आहे का, याची आधी खात्री करावी. बाटलीतला द्रव जुना होऊन बिघडला असेल, तर सुरुवातीला आंबूस किंवा नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो, रंगही गडद झालेला दिसतो, परंतु अर्ध्या-पाऊण तासाने ओळखीचा वास परत येतो. लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके घटक प्रकाशाने आणि उष्णतेने सर्वांत आधी खराब होतात व जड घटक मागे टिकून राहतात, म्हणून असे घडते. अशा वेळी नव्या सुगंधाच्या मागे लागण्याचे कारण नाही. त्याच परफ्यूमची ताजी बाटली मिळाली की प्रश्न मिटतो.

दोष कधी कधी नाकाचाही असतो. रोज एकच सुगंध वापरणाऱ्याला तो हळूहळू जाणवेनासा होतो, वय वाढले की घ्राणशक्ती मंदावते, आणि कोविडनंतर अनेकांना ओळखीचे वास वेगळेच येऊ लागले. म्हणून तो परफ्यूम पंधरवडाभर बाजूला ठेवून पुन्हा हुंगावा, आणि घरातल्या अशा माणसाला विचारावे ज्याने हा वास आपल्या अंगावर अनेक वर्षे घेतला आहे. त्याला तो पूर्वीसारखाच वाटत असेल, तर परफ्यूम बदललेला नाही.

एकाच नावाखाली वेगवेगळ्या ताकदीचे प्रकार विकले जातात, हेही लक्षात घ्यावे. ओ द कोलोनमध्ये सुगंधी अर्काचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के, ओ द टॉयलेटमध्ये ५ ते १५ टक्के आणि ओ द परफ्यूममध्ये १५ ते २० टक्के असते, पण फरक केवळ तीव्रतेचा नसतो. पुष्कळदा कंपनी या प्रकारांची घडणच निराळी ठेवते. नेहमी ओ द टॉयलेट वापरणाऱ्याने या वेळी नकळत ओ द परफ्यूम मागवले असेल, तर 'आता पूर्वीसारखा येत नाही' ही तक्रार खरी असूनही परफ्यूम मात्र बंद झालेला नसतो.

हे सर्व पडताळून झाल्यावरच घडण बदलल्याचा निष्कर्ष काढावा. तशी ती अनेक परफ्यूमची बदलली आहे, आणि त्याची कारणे ठाऊक असली तर शोधाला दिशा मिळते. १९७३ मध्ये स्थापन झालेली 'इफ्रा' ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संस्था त्वचेला ॲलर्जी किंवा अपाय करू शकणाऱ्या घटकांवर मर्यादा घालते, आणि युरोपीय संघाचे कायदेही काही घटकांवर निर्बंध घालतात. ओकमॉस नावाच्या शैवाकाच्या, म्हणजे दगडफुलाच्या जातीच्या पदार्थाच्या अर्कात ॲट्रॅनॉल व क्लोरोॲट्रॅनॉल ही द्रव्ये नैसर्गिकरीत्या असतात. ती, आणि त्यांच्यासोबत लायरल हे कृत्रिम द्रव्य, युरोपात नव्या मालातून २०१९ मध्ये आणि दुकानांतल्या मालातूनही २०२१ मध्ये हद्दपार झाली. १ मार्च २०२२ पासून लिलियल या द्रव्यावरही बंदी आली. लायरल आणि लिलियल ही दोन्ही द्रव्ये पांढऱ्या, दवभरल्या फुलांचा भास निर्माण करण्यासाठी वापरली जात. त्यामुळे आपला जुना परफ्यूम फुलांचा आणि साबणासारखा स्वच्छ असेल, किंवा उलट ओल्या खोडासारखा कडवट व गडद असेल, तर नव्या बाटलीत नेमका हाच भाग उणा झाला असण्याची शक्यता बरीच आहे.

जुने आणि नवे अशी दोन्ही खोकी हाताशी असतील, तर ती उजेडात शेजारी धरून मागची बारीक अक्षरे वाचावीत. अल्कोहोल, परफ्यूम आणि पाणी या शब्दांनंतर लिमोनीन, लिनालूल, जिरॅनिऑल, कुमारिन, युजेनॉल अशी नावे येतात. ॲलर्जी करू शकणाऱ्या २६ घटकांची नावे ठरावीक प्रमाणापलीकडे छापणे युरोपात २००५ पासून बंधनकारक झाले, त्यामुळे त्यानंतरच्या परदेशी खोक्यांवर ही यादी सहसा सापडते. युजेनॉल म्हणजे लवंगेचा मुख्य घटक, जिरॅनिऑल गुलाबाच्या अंगाचा, कुमारिन वाळलेल्या गवतासारखा गोडसर, आणि 'इव्हर्निया प्रुनास्ट्री' असे लिहिले असेल तर तो ओकमॉस. जुन्या खोक्यावर असलेले आणि नव्यावर नसलेले नाव कागदावर टिपून ठेवावे. ही यादी म्हणजे पूर्ण कृती नव्हे. कृती गुप्तच ठेवली जाते. तरी काय काढले गेले याचा इतका स्वस्त आणि खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

उरलेले थेंब जपावेत

शोध संपेपर्यंत जुन्या परफ्यूमचा नमुना हाताशी असणे अत्यावश्यक आहे, कारण स्मरणातला वास फसवा असतो आणि काळ जाईल तसा तो अधिकच गोड होत जातो. बाटलीच्या तळाशी थोडेसे जरी उरले असेल, तरी ते रोजच्या वापरातून लगेच काढून घ्यावे आणि शक्य असल्यास काचेच्या लहान कुपीत गळ्यापर्यंत भरून ठेवावे, म्हणजे आत हवा कमी राहते. कुपी अंधारात व थंडाव्यात ठेवावी. न्हाणीघरातील फळी आणि खिडकीजवळचे आरशाचे टेबल या दोन्ही जागा टाळाव्यात. फ्रान्समधील व्हर्साय येथे १९९० पासून 'ओस्मोथेक' नावाचे सुगंधांचे संग्रहालय आहे. बंद पडलेले परफ्यूमही तिथे जतन केले जातात, आणि त्यासाठी ते १२ अंश सेल्सिअस तापमानाला, काळोखात, आर्गॉन वायूच्या आवरणाखाली ठेवले जातात. घरी आर्गॉन मिळणार नाही, पण काळोख आणि थंडावा एवढे तर प्रत्येकाला साधते.

बाटली पूर्ण रिकामी असेल, तरी निराश होऊ नये. सणासमारंभाला नेसलेली इरकल साडी, लग्नातली शाल, लोकरी स्वेटर यांच्या घड्यांत परफ्यूमचे जड घटक कित्येक महिने टिकतात. डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेला नसेल असे वस्त्र निवडून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे, तासाभराने पिशवी किंचित उघडून वास घ्यावा. यात सुरुवातीचा भाग अजिबात नसतो. फक्त तळ उरलेला असतो, आणि आपल्याला तोच हवा आहे.

वर्णन आपल्या घरातल्या वासांनी करावे

या शोधाचा हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. इंटरनेटवर परफ्यूमचे वर्णन पचौली, व्हेटिव्हर, ओकमॉस, टोंका, अंबर अशा शब्दांत केलेले असते आणि वाचणाऱ्याला ते दूरचे वाटते. वस्तुतः यांतले निम्म्याहून अधिक वास आपल्या घरात, बाजारात आणि देवळात आहेत. व्हेटिव्हर म्हणजे वाळा, जो उन्हाळ्यात माठात टाकतात. पचौली म्हणजे पाच, जिची पाने वेणीत मरव्यासोबत गुंफतात. दवणा, जो चैत्रात जोतिबाला वाहिला जातो, त्याचे तेल परदेशी परफ्यूममध्ये पिकलेल्या फळांचा आणि किंचित मद्याचा भास आणण्यासाठी वापरतात, आणि त्याची मोठी लागवड आपल्या कर्नाटकात होते. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा अत्तरव्यवसायात 'सिप्रिऑल' या नावाने ओळखला जातो आणि आज ऊद (अगरू) म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक परफ्यूमचा धुरकट, लाकडी भाग त्याच्याच आधाराने रचलेला असतो. ओकमॉस समजून घ्यायचा असेल, तर मसाल्याच्या डब्यातले दगडफूल हातावर चुरडून हुंगावे. दोन्ही शैवाकच आहेत आणि दोघांचा ओलसर, मातकट, किंचित कडवट स्वभाव मिळताजुळता आहे. तंबाखूचा वास निपाणीकरांना समजावून सांगण्याची गरजच नाही; परफ्यूममधला 'टोबॅको' हा पेटलेल्या विडीचा नसून वखारीतल्या नीट वाळवलेल्या पानाचा, मधासारखा आणि गवतासारखा असतो.

हे सर्व पदार्थ एकेका वाटीत काढून, मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन, शांतपणे हुंगावेत आणि मग जुना परफ्यूम किंवा जुने वस्त्र हुंगावे. कोणती वाटी जवळची वाटते हे ठरवताना घाई करू नये.

शहापुरात राहणाऱ्या माझ्या आत्यांच्या बाबतीत या पद्धतीचा पडताळा मला जवळून पाहता आला. त्यांचा परफ्यूम गुलाबाचा होता, असे त्या ठामपणे सांगत आणि म्हणून सगळे नातेवाईक त्यांना गुलाबाचे परफ्यूम आणून देत. एकही त्यांना रुचला नाही. शेवटी त्यांची जुनी इरकल पिशवीत बंद करून ठेवली आणि तासाभराने उघडली, तर तिच्यात गुलाब औषधालाही नव्हता. होता तो काहीसा कडवट, सावलीतल्या ओल्या लाकडासारखा वास. दगडफुलाची वाटी पुढे केली तेव्हा आत्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हाच की तो!" मग पाचेची सुकी पाने हुंगून त्यांनी मान डोलावली, वाळ्याला मात्र नकार दिला. गुलाब केवळ पहिल्या तासाचा होता. त्यांना वर्षानुवर्षे जवळचा वाटलेला सुगंध शैवाक आणि पाच यांचा होता. त्यानंतर आम्ही गुलाबाचा शोध सोडून दिला आणि योग्य रांगेत उभे राहिलो.

जुन्या परफ्यूमचा नमुना असेल, तर त्याची नोंद तीन वेळांना करावी: फवारल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, मग तासाभराने, आणि शेवटी चार ते सहा तासांनी. प्रत्येक वेळी दोन-तीन शब्द पुरेत, जसे 'मोसंब्याची साल, थंड', 'जाई आणि साबण', 'चंदन, दुधाळ'. शेजारी त्या टप्प्याला आपण किती गुण देतो तेही लिहावे. ज्या टप्प्याला सर्वाधिक गुण पडतील, पुढचा सर्व शोध त्या टप्प्याचा.

कूळ आणि पिढी

मायकेल एडवर्ड्स या तज्ज्ञांनी सुगंधांचे जे चक्र मांडले, त्यात फुलांचे, अंबरी (उबदार, राळेसारखे गोड), लाकडी आणि ताजे असे मुख्य गट आहेत. नवख्या माणसाला एवढे पुरते, परंतु आपल्या कामाला परफ्यूमची पिढी ठाऊक असणे अधिक उपयोगी पडते, कारण एखादा परफ्यूम गाजला की पुढची दहा-वीस वर्षे त्याच्या घडणीवर आधारलेले अनेक परफ्यूम निघतात. १८८२ च्या 'फुजेर रॉयाल'मध्ये कुमारिन प्रथमच ठळकपणे वापरले गेले आणि दाढीच्या साबणासारख्या वासाचे, लव्हेंडर व वाळलेल्या गवताचे पुरुषी परफ्यूम हे एक कूळच त्यातून निर्माण झाले. १९१७ मध्ये कोटी कंपनीने 'शीप्र' आणला, ज्यात वर बर्गमोट (लिंबाच्या जातीचे फळ) आणि खाली ओकमॉस व लॅब्डॅनम (एक सुगंधी राळ) अशी रचना होती. अवघ्या दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, गेर्लँच्या 'मित्सुको'ने त्याच रचनेवर पिकलेल्या पीचचा वास चढवला. १९८८ च्या 'कूल वॉटर'नंतर पुरुषांच्या परफ्यूममध्ये थंड, धुतल्या कपड्यासारख्या ताजेपणाची लाट आली. १९९२ च्या 'एंजल'ने पाचेवर जळक्या साखरेचा वास बेतला. कुंद्याची, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईची, कढई खरपूस होत आलेली असताना शेजारी पाच ठेवली तर जो दरवळ येईल, त्याच्या दिशेचा तो प्रकार आहे, आणि आजचे बरेचसे गोड परफ्यूम त्याच कुळातले आहेत.

म्हणून आपला परफ्यूम कोणत्या वर्षी निघाला आणि तो कोणी घडवला, ही दोन उत्तरे शोधावीत. त्याच्या मागच्या-पुढच्या पाच वर्षांत निघालेले त्याच कुळातले परफ्यूम, आणि त्याच घडवणाऱ्याचे इतर परफ्यूम, यांत त्याची भावंडे सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. मूळ परफ्यूम स्वतःच एखाद्या अधिक प्रसिद्ध परफ्यूमची नक्कल होता, असेही कधी कधी आढळते, आणि मग मूळ प्रेरणाच अजून बाजारात उपलब्ध असते.

उमेदवारांची यादी

फ्रॅग्रँटिका, पार्फुमो आणि बेसनोट्स या संकेतस्थळांवर परफ्यूमचे वर्ष, कूळ, घडवणारा आणि 'हा कशाची आठवण करून देतो' याबद्दल वापरणाऱ्यांची मते मिळतात. तिथे दिलेली घटकांची यादी बहुधा कंपनीच्या जाहिरातीतून आलेली असते. दोन परफ्यूमच्या यादीत गुलाब, पाच आणि व्हॅनिला हीच नावे असूनही ते एकमेकांपासून कितीतरी दूर असू शकतात. त्यामुळे याद्या जुळवण्यापेक्षा लोकांचे अभिप्राय वाचावेत, आणि त्यातही ज्यांनी आपला जुना परफ्यूम स्वतः वापरला होता व तो बंद झाल्यावर काय घेतले हे लिहिले आहे त्यांचे अभिप्राय आधी. एकाच पर्यायाचे नाव वेगवेगळ्या लोकांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा आले, तर ते यादीत घ्यावे. पाच-सहा नावांपेक्षा मोठी यादी करू नये.

दुबईच्या काही कंपन्या महागड्या परफ्यूमच्या वासावर बेतलेले स्वस्त परफ्यूम उघडपणे, स्वतःच्या नावाने विकतात. 'अवेंटस' या २०१० च्या परफ्यूमशी जवळीक असलेला अर्माफचा 'क्लब द न्यूई इन्टेन्स' हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. हे बनावट माल नव्हेत आणि त्यांचा विचार जरूर करावा. फक्त अशा परफ्यूममध्ये सुरुवात हुबेहूब साधलेली असते आणि तळ पुष्कळदा साधा केलेला असतो, तेव्हा चार तास थांबल्याशिवाय त्यांच्याबद्दल मत बनवू नये.

अत्तरवाल्यांना विसरू नये. बेळगावच्या खडे बाजारासारख्या जुन्या पेठेत अनुभवी अत्तरवाल्याकडे पारंपरिक अत्तरांसोबत परदेशी परफ्यूमच्या धर्तीवर बनवलेली तेलेही असतात. तिथे ब्रँडचे नाव सांगून भागत नाही, कारण तेच नाव लावलेली तेले प्रत्येकाकडे निरनिराळी असतात. त्याऐवजी वर केलेले वर्णन सांगावे: "चाचा, पाच जास्त, दगडफुलासारखा थोडा कडवटपणा, गुलाब अगदी कमी आणि गोडी नको." जाणता अत्तरवाला एवढ्यावर बरोबर कुपी काढतो. तेलात अल्कोहोल नसल्याने वरचे हलके घटक झपकन उठत नाहीत आणि वास अंगाजवळच राहतो. ज्यांना जुन्या परफ्यूमचा दूरवर पसरणारा दरवळ हवा असेल त्यांना तेल अपुरे वाटेल, ज्यांना तळ हवा असेल त्यांचे काम मात्र शंभर-दोनशे रुपयांच्या कुपीतही होऊ शकते.

पारख

पूर्ण बाटली घेण्याआधी २ मिलिलिटरच्या आसपासचे नमुने मिळवावेत. मोठ्या दुकानांत चाचणीच्या बाटल्या असतात. बेळगावात जे मिळत नाही त्यासाठी कोल्हापूर, हुबळी, पणजी किंवा पुण्याला जाणे झाले की यादी सोबत न्यावी. ऑनलाइन नमुने विकणारेही आहेत. आखातातल्या नातेवाइकांना थेट मोठी बाटली आणायला सांगण्याचा मोह आवरावा आणि आधी एखादी लहान कुपी मागवावी. अल्कोहोल असलेला परफ्यूम ज्वालाग्राही असल्यामुळे तो टपालाने पाठवायला सांगू नये, येणाऱ्या माणसाबरोबरच आणवावा.

चाचणीच्या पट्ट्या नसतील तर जाड, बिनवासाच्या ड्रॉइंग पेपरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात आणि टोकाला नाव व वेळ पेन्सिलीने लिहावी. एका वेळी चारपेक्षा अधिक वास घेऊ नयेत. नाक थकले तर कॉफीच्या बिया हुंगण्याची जी पद्धत दुकानांत दिसते तिच्यात विशेष तथ्य नाही. बाहेर मोकळ्या हवेत दहा मिनिटे उभे राहणे किंवा स्वतःच्या कोपराच्या आतली त्वचा हुंगणे पुरेसे होते. पट्टीवर उतरलेले एक-दोन परफ्यूम मग मनगटावर घ्यावेत, चोळू नयेत, आणि जेवणखाण, स्वयंपाक, फोडणी यांपासून दूर राहून दिवसभर त्यांची वाटचाल पाहावी. परफ्यूम लावलेल्या जागी खाज किंवा लाली आली तर तो तिथेच सोडावा.

आपल्याकडच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. एप्रिलच्या उन्हात हलके घटक पाहता पाहता उडून जातात आणि गोड परफ्यूम जड, गुदमरवणारे वाटतात. जुलैत खानापूर-जांबोटीकडे सतत पाऊस असताना दमट, गार हवेत तेच परफ्यूम मऊ वाटतात आणि लाकडी, शैवाकी वास खुलतात. जुना परफ्यूम आपण ज्या ऋतूत सर्वाधिक वापरत होतो, त्याच ऋतूत अंतिम चाचणी घ्यावी.

शेवटचा निर्णय डोळे मिटून करावा, असे मी आग्रहाने सांगेन. घरातल्या कुणाला तरी तीन पट्ट्या तयार करायला सांगाव्यात, दोन एकाच परफ्यूमच्या आणि एक दुसऱ्याची, म्हणजे जुन्याची किंवा उमेदवाराची. नावे मागे लिहिलेली असावीत. आपण तिन्ही हुंगून वेगळी पट्टी कोणती ते सांगायचे. पदार्थांच्या चवीची पारख करणारे तज्ज्ञही ही त्रिकोणी चाचणी वापरतात. ती पट्ट्या ताज्या असताना एकदा आणि चार तासांनी पुन्हा घ्यावी. सुरुवातीला वेगळी पट्टी सहज ओळखू आली, पण चार तासांनी वारंवार चूक होऊ लागली, तर तळ जुळला आहे आणि शोध यशस्वी झाला आहे. बाटलीचा आकार, किंमत आणि कंपनीचे नाव डोळ्यांसमोर असताना इतका प्रामाणिक निकाल मिळत नाही. एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: कस्तुरीचे काही कृत्रिम प्रकार काही माणसांना मुळी जाणवतच नाहीत, त्यामुळे आपल्याला 'काहीच वास नाही' असे वाटले तरी दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यावी.

थोडे उणे राहिले तर

उमेदवार जवळचा असून त्यात एखादीच गोष्ट कमी पडत असेल, तर ती वरून भरता येते. जुन्या परफ्यूममध्ये पूर्वी म्हैसूरचे अस्सल चंदनतेल भरपूर वापरले जाई. चंदनाची झाडे कमी होत गेली, किंमत भडकली, आणि अनेक परफ्यूममध्ये त्याची जागा ऑस्ट्रेलियन चंदनाने व कृत्रिम द्रव्यांनी घेतली. नव्या बाटलीत तो दुधाळ मऊपणा हरवला असेल, तर आपण कर्नाटकात राहतो याचा लाभ घ्यावा. म्हैसूरला १९१६ मध्ये सुरू झालेल्या सरकारी चंदनतेल कारखान्याची परंपरा पुढे नेणारी राज्य सरकारची कंपनी आजही चंदनतेल विकते. ते महाग असते, परंतु मनगटावर आधी एक थेंब लावून त्यावर परफ्यूम फवारला, तर लहानशी कुपी पुष्कळ दिवस पुरते. धुरकटपणा उणा असेल तर नागरमोथ्याचे, मातकट थंडावा उणा असेल तर वाळ्याचे अत्तर अगदी थोडे वापरावे. तेलाचा डाग रेशमावर पडतो, म्हणून हे सारे त्वचेवरच करावे, आणि नवे तेल आधी कोपराच्या आत लावून दिवसभर थांबावे.

खरेदी

बाटली पहिल्यांदा घेताना ३० मिलिलिटरचीच घ्यावी. परदेशी मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार लागणारा आयात नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळावरचा बॅच क्रमांक एकच असावा. जुन्या बंद परफ्यूमच्या नावाने ऑनलाइन चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांपासून सावध राहावे, कारण त्या खऱ्या असल्या तरी कशा साठवल्या होत्या हे कळण्याचा मार्ग नसतो. घरी आल्यावर नव्या परफ्यूमचे पूर्ण नाव, प्रकार, बॅच क्रमांक आणि खरेदीचे वर्ष एका वहीत लिहावे, खोके जपून ठेवावे, आणि पहिल्याच दिवशी बाटलीतले थोडेसे काचेच्या कुपीत काढून काळोखात ठेवावे, म्हणजे पुढे कधी याचीही घडण बदलली तर तुलनेसाठी ताजा नमुना हाताशी राहील.